दोरी सोडा, होडी सोडू नका
(मंडळाच्या सभासद मेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आपल्या या व्यासपीठावर मधुमेह, गुंतवणूक, मुलांची शिक्षणं अशा उपयोगी विषयांवर जाणकार मंडळी बोलून गेली आहेत. त्यांच्या पंक्तीत मी काय वाढणार? पण सांस्कृतिक समितीच्या वहिनींनी पिच्छा सोडला नाही. म्हणाल्या, "तुम्ही सुट्टीत ती शिडाची होडी चालवता ना, तेच सांगा. आणि एकट्याने कशी चालवायची ते नीट सांगा, म्हणजे आमच्या ह्यांना पाठवता येईल." वहिनी, ह्यांना जरूर पाठवा, पण आधी हे भाषण ऐकवा. कारण एकट्याने होडी नेणं सोपं आहे, एकट्याने परत आणणं हा खरा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, बंगळूर आणि शिडाची होडी? समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर बसलेलं हे गाव, इथून मंगळूरचा किनारा साडेतीनशे किलोमीटर. पाऊस झाला की रस्त्यावर होड्या चालतात, तेवढंच आपलं नौकानयन! पण तसं नाही. विसर्जनाला आपण ज्या हलसूरूच्या तलावावर जातो, त्याच्या काठालाच मद्रास सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या एमईजीचं केंद्र आहे. या पाण्यावर सैनिकांच्या शिडाच्या छोट्या होड्या अनेकांनी पाहिल्या असतील. तिकडे म्हैसूरजवळ कृष्णराज सागराच्या विस्तीर्ण पाण्यावर शिडाच्या होड्यांच्या शर्यती झाल्या आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचं, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय हे नौदलाचे नव्हते, ते लष्कराच्या इंजिनिअर दलाचे अधिकारी होते. 'तृष्णा' नावाच्या ३७ फुटी नौकेतून त्यांनी सप्टेंबर १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात ही फेरी पूर्ण केली. तेव्हा इंजिनिअर माणसाला शीड जमत नाही, असं कुणी म्हणू नये. या सभागृहात निम्मे तरी इंजिनिअर बसले आहेत.

माझं मूळ गाव मालवणजवळचं देवबाग. आजोबांची लहान होडी होती, शीड लावलेली. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला शिडाची दोरी धरायला दिली होती. मी हुशारी करून ती हाताला दोन वेढे देऊन गच्च धरली. वाऱ्याचा झोत आला, होडी कलंडायला लागली, आणि आजोबा ओरडले, "मेल्या, दोरी सोड!" पुढे शिक्षण, नोकरी, बंगळूर. होडी विसरलो, ते ओरडणं मात्र लक्षात राहिलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, पाठ आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर, पुन्हा शिकायला गेलो. आज जे सांगणार आहे ते आजोबांचं, माझ्या प्रशिक्षकाचं आणि एका कोळ्याचं शहाणपण आहे. कोळ्याची गोष्ट पुढे येईल.

कोणती होडी?

मी बोलतो आहे ती एका माणसाची, एका शिडाची होडी. जगभर नवशिके आणि ऑलिंपिकचे खेळाडू दोघेही चालवतात ती लेझर हे तिचं उत्तम उदाहरण. आता तिला इल्का म्हणतात. लांबी साधारण १४ फूट, नुसत्या सांगाड्याचं वजन ६० किलोच्या आसपास, आणि मोठं शीड सात चौरस मीटरचं. शरीराने हलक्या असणाऱ्यांसाठी त्याच होडीला लहान शीड लावता येतं. मुलांसाठी याहून लहान, साडेसात फुटी ऑप्टिमिस्ट असते, दिसायला अगदी आंघोळीच्या टबासारखी. लेझरमध्येच विष्णु सरवणन या आपल्या लष्करातल्या खेळाडूने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

या होडीला मोटारीसारखं चक्र नसतं. मागे सुकाणू आणि सुकाणूला जोडलेला एक दांडा, त्याला टिलर म्हणतात. डोलकाठी, तिच्यावर शीड, शिडाच्या तळाला आडवा दांडा म्हणजे बूम. बूमला बांधलेली एक दोरी तुमच्या हातात. आणि होडीच्या मध्यातून पाण्यात खाली उतरणारी एक फळी, जिच्यामुळे होडी आडवी वाहत जात नाही. झालं. दोन हात, दोन वस्तू: एका हातात टिलर, दुसऱ्यात दोरी. फोन धरायला तिसरा हात नाही, हा या छंदाचा मोठा फायदा.

पाण्यात उतरण्याआधी

पहिली गोष्ट लाइफ जॅकेट. अंगात घालायचं, होडीत ठेवायचं नाही. आणि सगळे पट्टे लावायचे, खालचासुद्धा. उत्तम पोहता येत असलं तरी. "मी पोहतो" असं म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बूम बसला तर पोहणार कोण?

दुसरी, होडीच्या मागच्या बाजूला पाणी काढायचं एक भोक असतं. त्याचं बूच लावलंय ना, हे बघायचं. हसू नका, अर्ध्या नवशिक्यांची पहिली फजिती इथेच होते. तिसरी, टोपी, पाणी, शिटी हे सगळं बांधून ठेवायचं. सुटी वस्तू होडीत ठेवू नये. का, ते माझ्याच गोष्टीत कळेल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकट्याने चालवायची म्हणजे होडीत एकटं. किनाऱ्यावर कुणीतरी हवंच. "मी आत जातोय, साडेअकरापर्यंत परत येईन, नाही आलो तर अमक्याला सांगा," इतकं एका माणसाला सांगून निघायचं. आणि पहिले काही महिने मदतीची मोटरबोट पाण्यावर असेल तेव्हाच जायचं.

आकाश बघा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग कसे चढतात ते तुम्हाला माहीत आहे. डोलकाठी अॅल्युमिनियमची असते आणि उघड्या पाण्यावर तीच सर्वांत उंच वस्तू असते. गडगडाट ऐकू आला की शिकवणी बंद, किनारा गाठायचा.

वारा कुठून येतो?

वारा दिसत नाही, पण त्याच्या खुणा दिसतात. किनाऱ्यावरचा झेंडा, चुलीचा धूर, पाण्यावरच्या बारीक लाटा. डोळे मिटून तोंड फिरवा. दोन्ही गालांना आणि कानांना सारखा वारा लागला की तुम्ही वाऱ्याकडे तोंड करून आहात. पाण्यावर गडद डाग सरकत येताना दिसला तर समजा की झोत येतोय, चार-पाच सेकंदांत तुमच्यापर्यंत पोचेल. समुद्रावर वारा बराचसा एकसारखा असतो. कोकणातली माणसं पहाटेचा मतलई आणि दुपारचा खारा वारा यांच्यावर आपला दिवस आखत. तलावावर तसं नाही. काठच्या इमारती, झाडं, टेकड्या यांना वळसे घालून वारा येतो, मध्येच पडतो, मध्येच बाजू बदलतो. म्हणून तलावावर शिकलेला माणूस सावध होतो, असं माझे प्रशिक्षक म्हणत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जात नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा हा बंद रस्ता. तिकडे जायचं असेल तर नागमोडी जायचं, घाटातल्या रस्त्यासारखं. आंबोलीचा घाट कुणी सरळ चढतो का? तसंच.

बसायचं कसं, धरायचं काय?

ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या काठावर, शिडाकडे तोंड करून बसायचं. मागच्या हातात टिलर, पुढच्या हातात दोरी. आणि आता सगळ्यांना गोंधळात टाकणारी गोष्ट. टिलर उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. मोटार चालवणाऱ्या माणसाचा पहिल्या दिवशी चांगलाच घोळ होतो. उजवं-डावं पाठ करत बसू नका. एवढंच लक्षात ठेवा: टिलर शिडाकडे ढकलला की होडी वाऱ्याकडे वळते, स्वतःकडे ओढला की वाऱ्यापासून दूर जाते. आणि हलक्या हाताने. टिलर म्हणजे बसचा गिअर नव्हे. दोन बोटांनी काम होतं.

शीड किती ओढायचं? दोरी सोडत जा. शिडाची पुढची कड फडफडू लागेल. मग फडफड थांबेपर्यंतच ओढा, त्यापुढे नाही. नवशिका माणूस दोरी नेहमी जास्त ओढतो, कारण ताणलेलं शीड त्याला जोमदार वाटतं. प्रत्यक्षात होडी नुसती कलते आणि संथ होते.

टिलर हाताला जोराने ओढत असेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ होडी फार कलली आहे. कललेली होडी आपोआप वाऱ्याकडे वळायला बघते, म्हणून टिलर जड होतो. शरीर बाहेर झुकवा, दोरी थोडी सोडा, होडी सपाट करा. टिलर लगेच हलका होईल.

आधी थांबायला शिका

दुचाकी शिकवताना आपण मुलांना आधी ब्रेक दाखवतो. होडीला ब्रेक नाही, पण थांबण्याची एक युक्ती आहे आणि तीच पहिल्या दिवशी शिकायची. वारा होडीच्या बरोबर बाजूने, किंवा बाजूच्या किंचित पुढून येईल अशी होडी धरा आणि दोरी पूर्ण ढिली करा. शीड झेंड्यासारखं फडफडू लागेल. फडफडणाऱ्या शिडात जोर नसतो. होडी मंद होऊन जवळजवळ थांबते आणि तुम्ही निवांत पाणी पिऊ शकता, घाम पुसू शकता, पुढे काय करायचं याचा विचार करू शकता. एकट्या माणसाला हे फार लागतं. दोघे असले तर एक होडी सांभाळतो, दुसरा गाठ सोडवतो. एकट्याने आधी थांबायचं, मग गाठ सोडवायची.

यात एक मेख आहे. वारा पाठीमागून असताना नुसती दोरी सोडून शीड रिकामं होईलच असं नाही. तेव्हा आधी हळूहळू होडी वाऱ्याकडे वळवायची, वारा बाजूला आणायचा, आणि मग दोरी सोडायची.

आजोबांनी ओरडून सांगितलं होतं ते हेच. घाबरलेला माणूस मूठ आवळतो, हा देहाचा स्वभाव आहे. होडीवर नेमकं उलटं करावं लागतं. काही होड्यांमध्ये दोरी अडकवून ठेवायचा खाचेचा चिमटा असतो. हात दुखतात म्हणून नवशिका ती त्यात अडकवतो. झोताच्या वाऱ्यात तसं करू नका. आणि दोरीचे वेढे हाताला कधीही देऊ नका. ऐन वेळी सुटत नाहीत.

वळणं दोन प्रकारची

वाऱ्याकडे तोंड करून वळण्याला टॅक म्हणतात. होडीला वेग असावा. आजूबाजूला बघा. टिलर सावकाश शिडाकडे ढकला, वाका, बूम डोक्यावरून जाईल, तोंड पुढे ठेवूनच दुसऱ्या काठावर जा, बसा, आणि मग हात बदला. घाईत आधी हात बदलायला गेलात की दोरी आणि टिलर यांची वेणी होते.

कधी होडी मध्येच अडकते, तोंड वाऱ्याकडे, शीड फडफडतंय, सुकाणू काम करत नाही. घाबरू नका. बूम हाताने एका बाजूला ढकला आणि टिलरही त्याच बाजूला ढकला. होडी मागे सरकत सरकत वळेल. वारा बाजूने लागू लागला की दोन्ही स्वतःकडे ओढा आणि निघा.

दुसरं वळण पाठीवर वारा घेऊन, त्याला जाइब म्हणतात. यात बूम एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सोटा फिरवल्यासारखा येतो. वारा जोरात असेल तेव्हा नवशिक्याने या वाटेला जाऊच नये. उलट बाजूने पूर्ण वळसा घालून टॅक करावा. लांबचा रस्ता, पण डोकं शाबूत. आमचे प्रशिक्षक म्हणायचे, भित्रेपणाची लाज घरी ठेवून या.

समोरून दुसरी शिडाची होडी आली तर? ज्याच्या डाव्या बाजूने वारा येतोय त्याने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम जगभर सारखा आहे आणि पाळला जातो. सिल्क बोर्डच्या चौकातून आलेल्या माणसाला हे जरा परकं वाटतं.

माझी फजिती

आता ती गोष्ट. ठिकाणाचं नाव सांगत नाही, कारण चूक ठिकाणाची नव्हती, माझी होती. एका धरणाच्या पाण्यावर माझी एकट्याने तिसरी फेरी. दोनदा सुखरूप परत आलो होतो, त्यामुळे अंगात आलं होतं. बायकोला सांगितलं होतं, "जाऊन येतो." कुठे आणि किती वेळ, काही नाही. किनाऱ्यावर कुणालाही वेळ सांगितली नाही. उकडत होतं म्हणून लाइफ जॅकेटचा खालचा पट्टा उघडाच ठेवला. आणि वारा मंद म्हणून दोरी चिमट्यात अडकवली.

टेकडीच्या आडून बाहेर आलो आणि झोत आला. दोरी सुटेना. क्षणात होडी आडवी, मी पाण्यात. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. ही होडी उलटतेच, आणि ती सरळ कशी करायची ते मी शिकलो होतो. खाली बसवलेल्या फळीपाशी पोहत जायचं, दोरी ढिली आहे ना बघायचं, फळीवर वजन टाकून मागे झुकायचं. शीड पाण्यातून निघायला वेळ लागतो, मग होडी एकदम सरळ होते.

पण माझी पाण्याची बाटली आणि टोपी तरंगत चालली होती. टोपी मुलीने वाढदिवसाला दिलेली. मी होडी सोडली आणि टोपीमागे गेलो. जेमतेम वीस हात. टोपी मिळाली, मागे वळून बघतो तर होडी वीस हातांवर नव्हती, पन्नास हातांवर होती. आडव्या पडलेल्या होडीचा उंच काठसुद्धा वारा पकडतो. जॅकेट घातलेला माणूस तिच्यामागे पोहून तिला गाठू शकत नाही. मी पाच मिनिटं जीव खाऊन पोहलो, अंतर वाढतच गेलं. खालचा पट्टा उघडा, त्यामुळे जॅकेट कानापर्यंत वर आलेलं. दम लागला. किनारा किती दूर ते कळेना, कारण डोकं पाण्याच्या पातळीवर असलं की सगळंच दूर दिसतं. आणि मग कळलं की मी इथे आहे हे जगात कुणालाच माहीत नाही.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. एक म्हातारा कोळी त्याच्या गोल तेप्प्यातून जाळी बघायला आला होता. त्याने आधी ती आडवी पडलेली होडी पाहिली, मग ज्या अर्थी होडी आहे त्या अर्थी माणूस असणार म्हणून शोधत आला. मला तेप्प्याला धरायला लावून हळूहळू होडीकडे नेलं. वाटेत एकच वाक्य बोलला, "दोणी बिडबेडि सार." होडी सोडू नका, साहेब.

बंगळुरात इतकी वर्षं काढून माझं कन्नड भाजीबाजाराच्या पुढे गेलं नव्हतं. ते वाक्य मात्र आता जन्मभर पुरेल. आजोबा म्हणाले होते दोरी सोड, हा म्हणाला होडी सोडू नको. दोन्ही मिळून पूर्ण धडा होतो. उलटलेली होडीसुद्धा तरंगते. ती माणसापेक्षा कितीतरी मोठी दिसते. शोधणारे आधी तिलाच शोधतात. किनारा कितीही जवळ वाटला तरी तिला सोडून पोहत निघायचं नाही. पाण्यात पडलात तर दोरीचं टोक धरून ठेवा, ताणून नाही, नुसतं धरून. शिडावरचा ताण सोडायचा, होडीशी नातं सोडायचं नाही.

घरी आल्यावर बायकोला तीन दिवस काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "टोपीसाठी?" त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. आता जाताना फ्रीजवर चिठ्ठी असते: ठिकाण, निघायची वेळ, परतायची वेळ, कुणाला फोन करायचा. आणि उलटलेली होडी सरळ करायचा सराव मी प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला मदतीची बोट शेजारी ठेवून करतो. एकट्याने जाण्याआधी हा सराव किमान पाच-सहा वेळा झालेला हवा, दमलेल्या अंगानेसुद्धा.

परत येण्याचा विचार आधी

निघतानाच परतीचं गणित करा. शक्यतो आधी वाऱ्याच्या विरुद्ध, नागमोडी वर जा. ताजेपणी कष्टाचं काम होतं आणि दमल्यावर वारा तुम्हाला घराकडे आणतो. उलट केलंत, वाऱ्याबरोबर मजेत लांब गेलात, तर परत येताना हात दुखत असतील, वारा वाढलेला असेल आणि रस्ता दुप्पट लांब असेल. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा विशेष फसवा. काठाजवळ पाणी शांत दिसतं, आत गेल्यावर कळतं.

किनाऱ्याला किंवा धक्क्याला लागताना, जमेल तिथे शेवटचा टप्पा वाऱ्याकडे तोंड येईल असा घ्या. दोरी सोडा, होडी आपोआप मंदावते. जमलं नाही तर वळसा घालून पुन्हा या. धक्का कुठे पळून जात नाही.

मोठी माणसं, तोच धडा

एकट्याने जाणाऱ्यांत आपल्या माणसांचं नाव फार वरचं आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेतून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन या चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये मुंबईत परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेमागची प्रेरणा व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. नौका बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत. आणि जिच्यावरून नाव घेतलं ती म्हादई नदी उगम पावते आपल्या कर्नाटकात, खानापूरच्या जंगलात. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली.

त्याआधीचीही एक गंमत सांगतो. जगात सर्वप्रथम एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९. त्यांची ३२ फुटी 'सुहैली' मुंबईत बांधलेली, सागवानाची, आपल्या कारागिरांच्या हातची. तिलाही चक्र नव्हतं, टिलरच होता. ऑस्ट्रेलियाजवळ पोचेपर्यंत होडी आपोआप वळवणारी यंत्रणा मोडून गेली. पुढचा अर्धा प्रवास त्यांनी शिडं अशी तोलून केला की होडी स्वतःच वाट धरून चालावी आणि माणसाला झोप मिळावी. किती ओढायचं आणि किती सोडायचं, याचं इतकं नेमकं ज्ञान! याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून पुढे दोंदे यांना मार्गदर्शन मिळालं.

कुठे शिकावं, असं बरेच जण विचारतात. चेन्नईचा रॉयल मद्रास यॉट क्लब १९११ पासूनचा आहे. हैदराबादला हुसेन सागरावर मुलांना उत्तम शिकवतात. सुट्टीत मुलांना एक आठवडा पाठवून बघा. कुठेही गेलात तरी आधी विचारा: मदतीची बोट आहे का, जॅकेट मापाचं मिळतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर परत फिरा.

शेवटी आपल्या घरचं

संयोजकांनी सांगितलं होतं, शेवटी एखादा मॅनेजमेंटचा धडा द्या. तो मी देणार नाही, तुमच्या ऑफिसात तसल्या धड्यांची कमी नसावी. त्याऐवजी एक विनंती.

१३ सप्टेंबर २०१९ रोजी भोपाळला पहाटे गणपती विसर्जन करताना होडी उलटून ११ जण बुडाले. अंगात लाइफ जॅकेट नव्हती. ती आपल्यासारख्याच एका वस्तीची मुलं होती, आपल्यासारखीच मोरया म्हणत निघालेली. आपण दर वर्षी मखर, रोषणाई, ध्वनिक्षेपक यांचा हिशेब करतो. त्यात जॅकेटचा एक रकाना घालावा. विसर्जनाला जो कुणी पाण्यात उतरेल, मग ती कल्याणी असो की तलाव, त्याच्या अंगात पट्टे लावलेलं जॅकेट असेल आणि काठावर एक माणूस फक्त मोजायला उभा असेल: किती उतरले, किती वर आले. पहिली चार जॅकेटं माझ्याकडून. आणि त्या दिवशी मोजायला मीच उभा राहीन, नाचायला तशीही माझी पाठ साथ देत नाही.

वहिनी, आता ह्यांना खुशाल पाठवा. फक्त फ्रीजवर चिठ्ठी लिहून घ्या.